उंबरठ्यापासूनचे अंतर

लंडन मुंबईपासून हवाई मार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे उतरून १० जूनला तेथे पोहोचले. आज हेच अंतर न थांबता नऊ-दहा तासांत ओलांडले जाते. उंचावरचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून परतीला वेळ थोडा कमीच लागतो. “घराकडे येताना वारादेखील पाठीशी असतो,” असे आमचे वडील कौतुकाने म्हणत.

पौषातल्या एका पहाटे साडेपाचला ते निवर्तले. येथे देवळात चौघडा वाजत होता. लंडनला मध्यरात्र होती. धाकटा भाऊ मिळेल त्या विमानाने निघाला. परंतु तिकीट मिळणे, मुंबईस विमान बदलणे आणि दाबोळीहून फोंडा गाठणे, यांत दीड दिवस गेला. तोवर अग्नी देणे भाग पडले होते. अस्थिसंचयनाला मात्र तो माझ्याशेजारी उभा होता.

आप्त दूरदेशी असलेल्या घरांनी तासांचा हिशेब विमानतळापासून करू नये. तो आपल्या उंबरठ्यापासून करावा, आणि भेटीचे दिवस वेळीच ठरवावेत.