सुती बनियन आणि उणे आठ

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला कपड्यांबाबत एकच शहाणपण शिकवलेलं असतं: अंगाला लागून सुती हवं. घाम टिपला जातो, घामोळं येत नाही, धुऊन दोरीवर टाकलं की दुपारपर्यंत वाळतं. आमच्याकडे थंडी म्हणजे पारा पंधरा-सोळावर येणं. तेव्हा स्वेटर घालून घराबाहेर पडायचं आणि लोकलच्या डब्यात शिरल्यावर काढून पिशवीत कोंबायचा. नोकरीनिमित्त टोरंटोला लागून असलेल्या मिसिसागाला जायचं ठरलं, तेव्हा पाच वर्षांच्या लेकीसाठी मी बॅगेत सुती बनियनांचा गठ्ठा, आईने विणलेले स्वेटर आणि माकडटोपी भरली. वर स्टेशनबाहेरच्या स्वेटरवाल्याकडून घासाघीस करून आणखी दोन स्वेटर घेतले. कॅनडाचा हिवाळा स्वस्तात उरकला म्हणून खूश होतो.

नोव्हेंबरात लेक शाळेतून यायची ती पाठीवर हात ठेवला तर ओलीगार. मी म्हणायचो, कपडे कमी पडले. दुसऱ्या दिवशी आणखी एक बनियन. ती आणखी घामाघूम, आणखी गार. प्रकार साधा होता. मूल पळतं, घामेजतं, सुती कापड तो घाम पिऊन धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगाची ऊब ओढून घेतं. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने निघून जाते, हे मी शाळेत असताना कधीतरी वाचलंही असेन. आतून लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, मध्ये उबदार काहीतरी आणि वरून वारा अडवणारं जाकीट, एवढं पुरतं. बायको हे पहिल्याच आठवड्यात तिच्या ऑफिसातून ऐकून आली होती. पॉलिएस्टर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मे महिन्यातला डोंबिवली स्टेशनचा ब्रिज आला आणि मी तो विषय तिथेच मिटवला.

मोज्यांचंही तेच. एकावर एक दोन जाड मोजे घालून तिचे पाय बुटात कोंबले. बूट सकाळची फास्ट लोकल झाला. ऊब धरायला आत हवाच उरली नाही, रक्त नीट फिरेना आणि बोटं बर्फासारखी. एक लोकरी मोजा आणि थोडा सैल बूट, हे मला दुकानातल्या पोऱ्याने शिकवलं. गाडीतही मी तिला फुगीर जाकिटासकट सीटमध्ये बसवून पट्टे आवळत होतो. ते तर धोक्याचंच. अपघातात जाकीट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जाकीट काढायचं, पट्टे लावायचे, मग तेच जाकीट वरून पांघरायचं. हे वाचायला दोन मिनिटं लागतात. मी वाचलं नव्हतं.

डिसेंबरात तिचा घोळणा फुटला. डोंबिवलीत घोळणा मे महिन्यात फुटतो आणि त्याचं निदान कुणीही करतं: उष्णता झाली. मीही केलं. कांदा फोडून हुंगवला, गुलकंद चारला. रात्री मात्र तिला थंडी वाजू नये म्हणून हीटर सव्वीसवर. सकाळी उशीवर पुन्हा रक्त. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, घरात हीटर कितीवर असतो? बाहेरच्या गोठलेल्या हवेत पाण्याचा अंश नावालाच असतो. तीच हवा घरात घेऊन तापवली की आर्द्रता पार खाली जाते, नाकातली त्वचा सुकून तडकते. हीटर उतरवा, खोलीत ह्युमिडिफायर लावा, नाकात सलाइनचे थेंब टाका. आम्ही आयुष्यभर दमटपणाला शिव्या घालत आलो, आता तो विकत घेण्यासाठी यंत्र आणलं.

त्याच भेटीत मी डॉक्टरांना शाळेसाठी एक चिठ्ठी द्या म्हटलं आणि तिथे माझं बिंग फुटलं.

इथल्या शाळा मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर काढतात. बर्फ असो, वारा असो. वाऱ्याचा गारठा धरून तापमान उणे वीसच्या आसपास गेलं तरच बहुतेक ठिकाणी वेळ कमी करतात किंवा मुलांना आत ठेवतात. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कॅनडाच्या हवामान खात्याच्या तक्त्यात वाचलं होतं की वाऱ्यासकट उणे 28 च्या खाली उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. तक्त्यातली तेवढीच ओळ मी डोक्यात धरली आणि उणे आठच्या दिवशीही तीच लावली. शाळेला लिहून दिलं की मुलीला श्वासाचा त्रास आहे, डॉक्टरांनी बाहेर पाठवू नका असं सांगितलंय. यातलं काहीही खरं नव्हतं. बाईंनी फोन करून विचारलं, तेव्हाही मी सफाईने हो म्हटलं.

मग कित्येक आठवडे सगळी मुलं बर्फात लोळत असताना माझी लेक ऑफिसजवळच्या बाकावर चित्रं रंगवत बसायची. इंग्रजी तिला नुकतं येऊ लागलं होतं. मैत्री व्हायची ती त्या बर्फातच, कारण ढकलाढकलीला भाषा लागत नाही. तेवढी एक जागा मी बंद केली. नवल म्हणजे सर्दी तिला झालीच. ती बंद वर्गात एकमेकांसमोर शिंकणाऱ्या मुलांकडून येते, मैदानावरच्या वाऱ्यातून येत नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली नाही. मुलगी रोज किती वेळ बाहेर असते, एवढंच विचारलं. लेक माझ्याआधी म्हणाली, "झीरो."

त्या सुमारास मी श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' पुन्हा वाचत होतो. आनंदीबाई कल्याणच्या, म्हणजे आमच्यापासून दोन स्टेशनं. 1883 साली अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या थंडीत डॉक्टरकी शिकल्या, 1886 मध्ये पदवी घेतली आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला घेतली. आज ही बारीकशी गोष्ट वाटते. त्या काळच्या ब्राह्मण घरात ती बारीक नव्हती. खोलीतली शेकोटी धुरकट होती, त्यामुळे धूर किंवा थंडी यांतलं एक निवडावं लागे. त्यांना मदतीला ना हवामान खातं होतं, ना मोज्यांबद्दल सांगणारा पोऱ्या. माझ्याकडे सगळं होतं आणि मी बनियन बदलायला तयार नव्हतो. पूर्वी ही कादंबरी वाचताना मी आनंदीबाईंवर आपला हट्ट लादणाऱ्या त्यांच्या नवऱ्यावर, गोपाळरावांवर चिडायचो. या वेळी जरा जपून चिडलो.

बाईंना खरं सांगायला मी शाळेत गेलो. त्या रागावल्या नाहीत, त्याने जास्त लाज वाटली. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून लेकीला बाहेर सोडलं आणि मुलं स्वतःचे कपडे कसे घालतात ते मला एकदा पाहायला लावलं. आधी बर्फाची पँट, मग बूट, मग जाकीट, टोपी आणि शेवटी हातमोजे, कारण ते आधी चढवले तर पुढचं काहीच जमत नाही. जाकीट जमिनीवर उलटं पसरायचं, डोक्याची बाजू पायांकडे, बाह्यांत हात घालायचे आणि भिरकावून डोक्यावरून मागे टाकायचं. पाच वर्षांची पोरं हे सहज करतात. मफलर मात्र नाही, तो घसरगुंडीत अडकून गळ्याला फास बसू शकतो. त्याऐवजी गळ्यात घालायची गोल शिवलेली पट्टी असते. मी आईचा मफलर रोज घालून पाठवत होतो आणि बाई तो रोज काढून दप्तरात ठेवत होत्या, हेही तेव्हाच कळलं.

लेकीने घरी आल्यावर विचारलं, "बाबा, तू खोटं का सांगितलंस?" भीती वाटली म्हणालो. "कशाची?" यावर थंडीची असं उत्तर दिलं. ते तिला पटलं नाही. मलाही पटलेलं नाही. परक्या देशात बाकी कशावरच माझा ताबा चालत नव्हता, मग मुलीच्या अंगावर किती कपडे हे तरी मी ठरवणार, असं काहीसं ते होतं.

एक कबुली राहिली. त्या दिवसांत बायको म्हणायची, अरे सोड की तिला बाहेर. तेव्हा मी सांगायचो, आईचा जीव घाबरतो, ती रोज फोनवर बजावते. आईने तसं कधीच बजावलं नव्हतं. ती कानटोपीचं विचारायची आणि मग हमखास विचारायची, पोरगी खेळायला जाते ना? बायकोच्या मनात सासूबद्दल अढी बसली ती माझ्यामुळे, आणि मी ती आजपर्यंत काढलेली नाही. आई डोंबिवलीत हा अंक घेतेच. बायकोही वाचेल. दोघींचे फोन येतील तेव्हा कुणाचा आधी उचलायचा ते मी अजून ठरवलेलं नाही.