सातशेचा सौदा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जाऊन चकल्या मऊ पडायला लागल्या की आमच्या औरंगाबादेत थंडी उतरायची आणि तिच्या मागोमाग नाटकांचे दिवस यायचे. मग गुलमंडीवरून सायकल दामटायची, पैठण गेट, सिल्लेखाना मागे टाकत क्रांती चौकात यायचं, शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी जालना रोड ओलांडायचा आणि उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिराच्या आवारात शिरायचं, जिथे भाजक्या शेंगांचा धूर, शेवंतीचे गजरे आणि नुकत्याच ट्रंकेतून निघालेल्या स्वेटरांचा डांबरगोळ्यांचा वास एकमेकांत मिसळून गेलेला असायचा.

तिथेच, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, हौशी मंडळींनी बसवलेली विजय तेंडुलकरांची ‘कमला’ पाहिली. तिसरी घंटा, पडद्यामागे फुटलेला नारळ, पडद्याखालून सरपटत आलेला उदबत्तीचा वास, आणि मग दिल्लीतलं एक सुखवस्तू घर. पत्रकार जयसिंग जाधव तेव्हाच्या बिहारमधल्या लोहारडागाच्या बाजारातून अडीचशे रुपयांना एक बाई विकत आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करेपर्यंत तिला घरात दडवून ठेवतो. १९८१ साली हे नाटक रंगभूमीवर आलं, तेव्हा ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या अश्विनी सरीन यांनी खरोखरच अशी एक बाई विकत घेऊन तो बाजार उघडकीस आणल्याला काही महिनेच झाले होते. खून नाही, पिस्तूल नाही. तरी रंगमंचावरचा फोन खणखणला की आमच्या रांगेतल्या खुर्च्या करकरायच्या, कारण धमक्यांचे ते फोन घेऊन मुकाट टिपून ठेवायचं काम जयसिंगच्या बायकोचं, सरिताचं होतं.

आणि मग ती रात्र. मळकं लुगडं नेसलेली, फरशीवर अंग चोरून बसलेली कमला सरिताला विचारते, तुला केवढ्याला घेतलं? सरिता क्षणभर थबकते आणि सांगते, सातशे. कमलाला सौदा महागाचा वाटतो, आणि ती अगदी सरळ मनाने कामांची, आणि मालकाचीही, वाटणी करून टाकते. माझ्या पुढच्या रांगेतल्या बायकांची कुजबुज तिथे तुटली ती तुटलीच.

प्रयोग सुटल्यावर आम्ही पोरं क्रांती चौकात, काळ्या चबुतऱ्याच्या अलीकडे, चहाच्या गाड्यावर रेंगाळलो. स्टोव्हची घरघर, कपांना आल्याचा वास, आणि वाद एकच: बातमी खरी, हेतूही चांगला, तरी कमलाची रवानगी शेवटी आश्रमातच का? मला वाटतं, तेंडुलकरांनी जयसिंगला खलनायक केलं नाही, यातच त्या नाटकाची सगळी धग आहे. वृत्तपत्राच्या मालक शेठजीने नोकरीवरून काढल्यावर कोसळलेला तो माणूस पाहून आमचा घसा दाटला होता, आणि तरीही सरिताने त्याला एकदाचं खडसावावं असंही मनापासून वाटत होतं.

आता चौकावरून उड्डाणपूल गेलाय, २०२२ साली महाराजांचा नवा पुतळा उंच चौथऱ्यावर उभा राहिला, शहराचं नावही बदललं. रंगमंदिर दुरुस्तीसाठी बंद राहून पुन्हा उघडलं. आता नवी आसनं करकरत नाहीत आणि मागच्या रांगेतही शब्द नीट पोचतो, हे बरंच झालं. शेंगांचा धूर मात्र हवा होता. याच शहरात ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेत घडलेल्या प्रशांत दळवींनी १९९१ मध्ये ‘चारचौघी’ लिहिलं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलं, आणि त्यातल्या बायका आपली किंमत दुसऱ्याला ठरवू देत नाहीत, हे पाहताना मला राहून राहून सरिता आठवत होती. ही दोन्ही नाटकं एका आठवड्यात, लागोपाठच्या दोन रात्री, एकनाथमध्ये कुणी लावली, तर माझ्या भाचीला घेऊन मी पहिल्या रांगेची तिकिटं काढीन.