गादीवर पाच वर्षांचा मुलगा

घोटीहून कोल्हारकडे जाणारा रस्ता बारी, राजूर, अकोले करत संगमनेरला पोचतो. संगमनेरजवळ आत वळले की पेमगिरी. लोक तिथे मोठा वटवृक्ष बघायला जातात, फोटो काढतात आणि परत येतात. वर किल्ला आहे, तिथे फार कमी जण चढतात. आता उलट दिशेने चला. इगतपुरी ओलांडली, कसारा घाट उतरला की आसनगाव स्टेशनजवळ माहुलीचा किल्ला लागतो. मुंबईच्या लोकलमधून तो डोंगर हजारो माणसे रोज पाहतात.

या दोन किल्ल्यांच्या मध्ये आमचे घोटी. निजामशाहीची शेवटची तीन वर्षे पेमगिरीवर सुरू झाली आणि माहुलीवर संपली. 1633 मध्ये शहाजीराजांनी पेमगिरीवर एका लहान मुलाला गादीवर बसवले आणि 1636 मध्ये माहुलीवर त्या मुलाला मोगलांच्या हवाली करावे लागले. आपण रोज ज्या रस्त्याने भाताच्या गिरणीवर किंवा बाजारात जातो, त्याच्या दोन्ही टोकांना एका राज्याचा शेवट पडलेला आहे.

हा विषय माझ्या डोक्यात आला तो मात्र चीनमधून. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. नववीतला एक मुलगा मोबाइलवर तीन राज्यांच्या लढायांचा कुठलातरी चिनी गेम खेळतो. मधल्या सुट्टीत त्याने विचारले, "टीचर, ये त्साव त्साव बादशाह था या वजीर?" बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की प्रश्न आला की तो आधी वर्गाकडे परत टाकायचा. मी टाकला. वर्गाला त्साव त्साव ठाऊक नव्हता, पण मागच्या बाकावरून उत्तर आले, "मलिक अंबर जैसा होगा."

उत्तर देणाऱ्याने ते बहुधा सहज ठोकून दिले असेल. पण ते इतके नेमके होते की मी पुढचे काही दिवस त्याच विचारात होते.

इसवी सन 189 मध्ये तुंग च्वो नावाच्या सेनापतीने राजधानीत घुसून एका बादशहाला काढले आणि त्याच्या आठ वर्षांच्या धाकट्या भावाला तख्तावर बसवले. त्याला पुढे सम्राट श्यन म्हटले गेले. तुंग च्वोला 192 मध्ये त्याच्याच मानलेल्या मुलाने, ल्यू बू नावाच्या सरदाराने मारले. मग तो पोरगा बादशहा या सरदाराच्या हातून त्या सरदाराच्या हाती फिरत राहिला. 196 मध्ये त्साव त्सावने त्याला आपल्या छावणीत नेले आणि तेव्हापासून प्रत्येक हुकूम बादशहाच्या नावाने निघू लागला, लिहिणारा हात त्साव त्सावचा. त्याने उत्तर चीन जिंकला, पण मरेपर्यंत, म्हणजे 220 पर्यंत, तख्तावर बसला नाही. तरीही चिनी नाटकात आजतागायत त्याचा चेहरा पांढरा रंगवतात. तिथे पांढरा चेहरा म्हणजे दगाबाज.

आता आपला मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आलेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही हबशीच. (मराठी शिकवताना मी हे मुद्दाम सांगते. 'पेशवा' हा शब्द पुण्यात जन्मलेला नाही, तो फारसी आहे आणि आपल्याकडे निजामशाहीच्या दरबारात आधीपासून नांदत होता.) मालक मेल्यावर अंबर मोकळा झाला, पोटासाठी विजापूरकडे गेला आणि 1595 मध्ये दीडशे स्वारांचा नायक म्हणून परत आला. 1600 मध्ये चाँदबीबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि बहादूर निजामशहा या मुलाला ग्वाल्हेरच्या तुरुंगात पाठवले. दिल्ली-आग्र्याच्या हिशेबाने निजामशाही तिथे संपली.

अंबरने ती संपू दिली नाही. राजघराण्यातला एक मुर्तजा विजापूरच्या मुलखात होता, त्याला आणून परांड्याला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली.

इथे मला थांबावेसे वाटते, कारण त्साव त्सावनेही तेच केले होते. त्याने आपल्या तीन मुली बादशहाच्या जनानखान्यात पाठवल्या आणि 215 मध्ये त्यातली एक पट्टराणी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी आधीच्या राणीचा जीव घेतला होता, कारण तिने त्साव त्सावविरुद्ध आपल्या वडिलांना चिठ्ठी लिहिली होती. दोन्ही सेनापतींना कळले होते की तख्ताजवळ स्वतः बसता येत नसेल तर मुलगी बसवावी.

अंबरचा मार्ग सरळ नव्हता. त्याचा प्रतिस्पर्धी राजू दखनी. दौलताबादपासून गुजरातच्या सीमेपर्यंतचा मुलूख, म्हणजे आमचा नाशिकचा भागही, राजूच्या ताब्यात. आणि गंमत बघा, ज्या मुर्तजाला अंबरने गादी दिली तोच राजूला निरोप पाठवून म्हणत होता की या अंबरपासून मला सोडव. अंबरने राजूला मागे रेटायला एकदा चक्क मोगलांची मदत घेतली. आज जे लोक अंबरला मोगलांचा कट्टर दुश्मन म्हणून मिरवतात (बहुतांश खरेच आहे ते, जहांगीरने तर त्याच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असे चित्र काढून घेतले होते), ते ही मदत वगळतात. राजू शेवटी पकडला गेला आणि मारला गेला.

आणि मग 1610. पीटर फान डेन ब्रूक हा डच व्यापारी काही वर्षांनी अंबरला भेटला होता, त्याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. मुर्तजाची एक बेगम इराणी होती. तिने अंबरच्या मुलीला हिणवले की तू गुलामाची पोर, बांदी. मुलीने वडिलांना सांगितले. अंबरने मुर्तजा आणि ती बेगम दोघांनाही विष देववले आणि मुर्तजाच्या पाच वर्षांच्या मुलाला, बुऱ्हाणला, गादीवर बसवले.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा सन्नाटा झाला. आमच्या मुलांना मलिक अंबर फार प्रिय आहे, आणि का नसावा? काळ्या कातडीचा, विकला गेलेला माणूस एवढे राज्य चालवतो. खडकी वसवतो, तिथे नहर आणतो, जमिनीचा धारा असा बांधतो की पुढे कित्येक वर्षे गावकरी 'मलिकंबरी'चे नाव काढत राहिले. 1624 मध्ये भातवडीला तळ्याचे पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजांना चिखलात अडकवतो. त्याच लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. आमच्या मुलांना पुस्तकात आपल्यासारखे नाव क्वचित अशा रूपात भेटते. ते त्याला घट्ट धरून बसतात, मला ते कळते. पण अंबर आपला म्हणायचा तर विषाचा पेला दुसऱ्या कुणाचा म्हणता येत नाही.

एका मुलीने विचारले, मग तो चांगला की वाईट? आणि त्या चिनी मुलाने, म्हणजे गेम खेळणाऱ्याने, तिला उत्तर दिले की ग़ासिब होता. उर्दूत हा शब्द घरोघरी माहीत असतो, दुसऱ्याचा हक्क हिसकावणारा. मराठीत त्याला रोजचा एकच शब्द नाही, आपण 'गादी बळकावली' असे पुरे वाक्य म्हणतो. मी फळ्यावर दोन्ही लिहिले आणि विचारले, अंबरने गादी बळकावली का? जुम्म्याच्या खुत्ब्यात नाव कोणाचे? नाण्यावर शिक्का कोणाचा? जो बादशहा, त्याचे. ही त्या काळच्या राज्याची कायदेशीर खूण. अंबरने सव्वीस वर्षे राज्य केले, पण खुत्बा निजामशहाच्याच नावाचा राहिला.

माझे मत विचाराल तर हा संयम नव्हता, हिशेब होता. हबशी सरदार, दखनी मुसलमान, मराठे देशमुख, इराणी मुत्सद्दी, एवढे सगळे एकत्र आणायला एक नाव लागत होते आणि ते नाव कुणा सरदाराचे असून चालत नव्हते. अंबर स्वतः बसला असता तर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने म्हटले असते, मग मी का नको? पाच वर्षांच्या मुलाचा हेवा कुणी करत नाही. म्हणूनच गादीवर मूल लागते. आणि मूल मोठे झाले की अडचण होते, मुर्तजाची झाली तशी.

चीनमध्ये मात्र पुढची पायरी चढली गेली. त्साव त्साव मेला त्याच वर्षी त्याचा मुलगा त्साव फी याने बादशहाला राजीनामा द्यायला लावला आणि स्वतः बसला. तिथल्या इतिहासात नोंद आहे की शिक्का मागायला माणसे आली तेव्हा राणीने, म्हणजे त्साव फीच्याच बहिणीने, तो रागाने भिरकावला. बापाने जिला प्यादे म्हणून पाठवले होते ती नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली. पदच्युत बादशहाला एक जहागीर मिळाली आणि तो 234 पर्यंत जगला, त्साव फीपेक्षा आठ वर्षे जास्त. पुढे स्सुमा घराण्याच्या सेनापतींनी त्साव घराण्याशी तेच केले. गादीवर पोरे बसवली, त्यातला एक विरोधात उठला तर 260 मध्ये त्याला मारले आणि 266 मध्ये शेवटच्याकडून राजीनामा लिहून घेतला. वापरलेली पद्धत, वापरलेले शब्दसुद्धा तेच.

आमच्याकडे अंबर 1626 मध्ये गेला, ऐंशीच्या घरात. खुलदाबादला त्याची कबर आहे. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, सगळ्यात आधी काय केले? खडकीचे नाव बदलून फतेहनगर ठेवले. (त्याच शहराचे पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. नाव बदलण्याची सवय त्या मातीत जुनी आहे.) पण बापाची ताकद काही त्याच्या हाती आली नाही. बुऱ्हाण आता विशीत होता, त्याने फतेहखानाला कैद केले आणि दुसऱ्या हबशी सरदाराला, हमीदखानाला, जवळ केले. 1629 मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवरावांना मुलांसह मारले गेले. जिजाबाईंचे वडील. त्यानंतर मराठे सरदार कसे थांबणार? शहाजीराजे काही काळ मोगलांकडे गेले. घाबरलेल्या बुऱ्हाणने फतेहखानाला तुरुंगातून काढले, आणि फतेहखानाने त्यालाच संपवले. हुसेन नावाचा दहा वर्षांचा मुलगा बसवला आणि खुत्बा शाहजहानच्या नावाने पढवला. बापाने आयुष्यभर जे एक केले नव्हते ते मुलाने पहिल्या धक्क्याला केले. जून 1633 मध्ये दौलताबाद पडले. हुसेन ग्वाल्हेरला गेला, बहादूर गेला होता तिथेच. फतेहखानाला मोगलांनी पेन्शन दिली.

वर्गात एक तक्ता केला. गादीवर कोण, वय किती, राज्य कोण चालवत होता. तिसऱ्या रकान्यात हबशी, दखनी, मराठा अशी नावे येत गेली. मुलांना वाटत होते तसे ते एका धर्माचे किंवा एका जातीचे निघाले नाहीत. दुसऱ्या रकान्यातले आकडे मात्र पाच, दहा असे.

शहाजीराजांचे नाव याच रकान्यात येते आणि तिथे काही जण बिचकतात. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांना ते आवडत नाही. त्यांना शहाजीराजे फक्त स्वराज्याच्या आधीचे पान म्हणून हवेत. पण त्यांनी 1633 मध्ये केले ते अंबरने 1600 मध्ये केले तेच: मोडलेल्या राज्यासाठी राजघराण्यातले एक मूल शोधले. हा मुर्तजा जीवधनच्या किल्ल्यात होता. त्याला पेमगिरीवर आणून गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे मोगलांशी आणि पुढे विजापूरशीही झुंज दिली. त्यांचा स्वतःचा शिवबा तेव्हा तीन वर्षांचा होता. ज्या घराण्याच्या दरबारात सासऱ्याचा खून झाला त्याच घराण्याच्या मुलाला मांडीवर घेऊन हा माणूस लढला. यात स्वतःचा मुलूख राखायचा हिशेब होताच, अंबरसारखाच. फरक मला एवढाच दिसतो की या मुलाला मोठे होऊन अडचण व्हायला वेळच मिळाला नाही.

मे 1636 मध्ये शाहजहान आणि आदिलशहा यांनी तह करून निजामशाही आपसात वाटून घेतली. मग एका बाजूने मोगलांचा खानजमान आणि दुसऱ्या बाजूने विजापूरचा रणदुल्लाखान शहाजीराजांच्या मागे लागले. कोकण, घाटमाथा, पुन्हा कोकण असे फिरत ते माहुलीला पोचले आणि वेढा पडला. पावसाळ्यानंतर अटी ठरल्या. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. त्यांच्याकडचे किल्ले मोगलांना मिळाले: त्र्यंबक, हरिश्चंद्रगड, जीवधन, चावंड, हडसर, आणि आमच्या शेजारचा त्रिंगलवाडी.

यादीत मुलाचे नाव शेवटी येते. किल्ल्यांसोबत तोही सोपवला गेला. आमच्या तक्त्यात त्याच्या ओळीनंतर जागा उरली होती. गेम खेळणाऱ्या मुलाने विचारले, "अगला कौन?" मी म्हटले, पुढचा नाही, शाहजहानचा सुभेदार. त्याने वयाच्या रकान्यात आडवी रेघ मारली.