‘बात्या’चा ‘बाटा’ कसा झाला?

१/ परदेशी कंपनीचे नाव ‘चुकीचे’ उच्चारले म्हणून आपल्याकडे माणसाचे हसू होते. त्यावरून त्याचे शिक्षण आणि घरही जोखले जाते. पण असे एक नाव आहे, जे सारा भारत मूळ उच्चाराहून वेगळे उच्चारतो आणि त्यावर कुणीच हसत नाही. ते नाव म्हणजे बाटा.

२/ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेली दुकाने आणि शाळेचे काळे बूट यांमुळे ही कंपनी भारतीयच असावी, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते एका चेक कुटुंबाचे आडनाव आहे. १८९४ मध्ये आंतोनीन, आना आणि तोमाश या तीन भावंडांनी झ्लीन या गावी पादत्राणांचा व्यवसाय सुरू केला. धाकटा तोमाश तेव्हा अवघा १८ वर्षांचा होता. झ्लीन मोराव्हिया प्रांतात आहे आणि मोराव्हिया त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता.

३/ चेक भाषेत या आडनावाचा उच्चार साधारण ‘बात्या’ असा होतो. त्यातील दोन्ही स्वर मात्र ऱ्हस्व. मधले व्यंजन जिभेचा मध्यभाग टाळूला टेकवून उच्चारतात. ते ना आपला ‘त’, ना आपला ‘च’. दोहोंच्या मधले काहीतरी. चेक लिपीत हा भेद दाखवण्यासाठी रोमन ‘टी’च्या शेजारी एक छोटी खूण करतात.

४/ कंपनी देशाबाहेर पडली, तेव्हा ही खूण मागे राहिली. इंग्रजी वर्णमालेत तिला जागाच नव्हती. उरली चार साधी रोमन अक्षरे. इंग्रजीतून आलेला ‘टी’ मराठी कान ‘ट’ म्हणूनच ऐकतो. टेबल, मोटार, स्टेशन ही त्याचीच उदाहरणे. त्यामुळे ‘बात्या’चा ‘बाटा’ झाला. फ्रेंचांचा ‘त’ दंत्य, म्हणून लोरेन प्रांतात या कंपनीने वसवलेले गाव ‘बाताविल’ झाले.

५/ म्हणजे अशा नावाचा उच्चार दोन गोष्टींवर ठरतो: ते कोणत्या वाटेने आले आणि ऐकणाऱ्याच्या भाषेत कोणते ध्वनी आधीपासून आहेत. ‘आधुनिक’ या अर्थाच्या एका कोरियन शब्दाचेही असेच झाले. कोरियात तो साधारण ‘ह्यन्दे’, अमेरिकेत ‘हन्डे’ आणि भारतात ‘ह्युंदाई’.

६/ भारतात ही कंपनी १९३१ मध्ये नोंदली गेली. कलकत्त्याजवळ कोन्नगर येथे लहान प्रमाणावर काम सुरू झाले आणि १९३४ मध्ये हुगळीकाठी नव्या कारखान्याची पायाभरणी झाली. त्याभोवती वसलेले गाव म्हणजे बाटानगर. चेक आडनावाला ‘नगर’ जोडले गेले आणि ते नाव नकाशावर चढले.

७/ मायदेशी मात्र निराळेच घडत होते. १९३२ मध्ये तोमाशचा विमान अपघातात मृत्यू झाला. १९३९ मध्ये नाझी जर्मनीने चेक भूमी व्यापली. तोमाशचा मुलगा कॅनडात गेला. महायुद्ध संपताच, १९४५ मध्ये, चेकोस्लोव्हाकियातील कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९४८ मध्ये सत्ता कम्युनिस्टांच्या हाती गेली.

८/ १९४९ हे वर्ष नामांतराचे ठरले. झ्लीनचे नाव राष्ट्राध्यक्ष गोटवाल्ड यांच्यावरून ‘गोटवाल्डोव्ह’ झाले. तिथल्या कारखान्याला ‘स्वित’ हे नवे नाव मिळाले. स्लोव्हाकियात याच कंपनीने वसवलेल्या ‘बात्योवानी’ या गावाचे नाव पुसून ‘पार्तिझान्स्के’ ठेवण्यात आले. भांडवलदाराचे नाव फलकावर नको, हा त्यामागचा विचार.

९/ पुढची चार दशके झ्लीनच्या कारखान्यावर हे नाव नव्हते. त्याच काळात कोलकात्यापासून कोल्हापूरपर्यंत आणि आफ्रिकेतल्या शहरांतूनही ते दुकानांवर झळकत होते, खूण हरवलेले, ‘ट’ किंवा ‘त’ लागलेले. ज्यांना मूळ उच्चार ठाऊकही नव्हता, त्यांच्या तोंडी ते रोज येत होते. १९८९ च्या अखेरीस कम्युनिस्ट राजवट कोसळली. तोमाशचा मुलगा डिसेंबरमध्ये झ्लीनला परतला आणि १९९० मध्ये शहराला आपले जुने नाव परत मिळाले.

१०/ मूळ उच्चार जाणून घेणे चांगलेच. त्यात त्या भाषेचा आदर आहे. पण ‘बाटा’ म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणे म्हणजे नावाचा अर्धाच इतिहास वाचणे होय. त्या एका ‘ट’मध्ये इंग्रजांची लिपी आहे, हुगळीकाठचा कारखाना आहे आणि भारतीयांच्या तीन-चार पिढ्यांचा कान आहे. स्लोव्हाकियाच्या नकाशावर आज ‘बात्योवानी’ सापडत नाही. बाटानगर मात्र अजून तिथेच आहे.