आंबेनळी घाट आणि गाडीखालचा काळा डाग

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आंबेनळी घाट लागतो. साधारण 40 किलोमीटर नुसती वळणं. पावसाळा संपता संपता गेलात, तर नजर दरीवरून हटणार नाही. आमची हटली. प्रतापगडाच्या पायथ्याशी, वाडा कुंभरोशीत चहाला थांबलो आणि गाडीखाली काळा डाग दिसला.

असा डाग दिसला की बोटावर घेऊन बघा. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, खुशाल निघा. हिरवट किंवा गुलाबी असेल तर कूलंट. काळपट, बुळबुळीत असेल तर बहुधा इंजिन ऑइल. बाबांनी गाडी सपाट जागी घेतली, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबले, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली. तेल खालच्या खुणेच्या जेमतेम वर!

"गड कुठे पळून जातोय? आधी गाडी बघा," आजी म्हणाली. (मला रागच आला होता.)

डिकीत त्याच ग्रेडचं ऑइल होतं. थोडं थोडं ओतलं, वरच्या खुणेच्या आतच. मागे चढण, पुढे उतार, उतारच निवडला. घाटभर माझे डोळे ऑइलच्या लाल दिव्यावर. तो पेटला तर 'आता जवळच आहे' म्हणू नका, गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करा. तेलाविना इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं.

पोलादपूरच्या मेकॅनिकला कारण लगेच सापडलं. दोन दिवसांपूर्वीच्या सर्व्हिसिंगमध्ये ड्रेन प्लगला जुनाच वॉशर लावला होता. एवढासा वॉशर!

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी तो कोरा होता. प्रतापगड मात्र राहिला.