कानाचेही परीक्षण करून घ्या!

आमच्या दादांची, म्हणजे थोरल्या बंधूंची, उमर ट्रॅक्टर आणि मळणी यंत्राच्या धडधडीत गेली. आता ते म्हणतात, "आवाज येतो रे, पण शब्द उमगत नाही." कुणी 'साठ' म्हटले की त्यांना 'आठ' ऐकू येते. सोसायटीच्या बैठकीत ज्यांचा शब्द शेवटचा असे, त्यांनी बैठकीला जाणेच सोडले.

गेल्या दिवाळीत पुतण्याने त्यांच्यासाठी आवाज वाढवणारे इअरबड आणले. दादांनी दोन दिवस घातले आणि डबीत ठेवून दिले. कारण समजून घेण्याजोगे आहे. इअरबडातला बारीकसा माइक आवाज टिपतो, आतली चिप तो वाढवते आणि इवला स्पीकर तो कानात सोडतो. पण साध्या इअरबडात सगळेच सरसकट वाढते. नातवाचे बोलणे वाढले, तशी भांड्यांची आदळआपटही वाढली! वयाने आणि यंत्रांच्या गोंगाटाने आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. स, श, फ असले वर्ण त्यांतलेच. जाड आवाज बऱ्यापैकी येतच असतात. माती परीक्षण न करता साऱ्या वावरात युरिया फेकावा, तसलाच हा प्रकार.

दादांची तपासणी जिल्हा रुग्णालयात करवली. आलेखाची रेघ जाड आवाजापाशी ठीक आणि पुढे फुटल्या बांधासारखी घसरलेली. श्रवणयंत्र अशा आलेखावरून जुळवतात. जिथे उणे, तिथेच भर. आता हे काही महाग इअरबडांनाही जमते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ मधील तशा सोयीला मान्यता दिली. मात्र ती प्रौढांच्या सौम्य ते मध्यम बहिरेपणापुरतीच. शिवाय ती जुळवायला त्याच कंपनीचा फोन किंवा टॅब लागतो. आपल्या घरात तो असेल तर पाहा बापडे.

कान अचानक बंद झाला, पू आला, चक्कर येऊ लागली, तर कसलेही यंत्र न घेता आधी डॉक्टर गाठा. कधी नुसता मळच निघतो! इअरबडच घ्यायचे तर दोन्ही कानांचा आवाज वेगवेगळा लावता येतो का, फार मोठा आवाज आपोआप रोखला जातो का आणि राठ बोटांना बटण सापडते का, एवढे पाहाच. कानात सैल बसले की ते शिट्टी मारतात. कमी उत्पन्नाच्या साठीपुढच्या मंडळींसाठी राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राची सोय आहे; समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

आणि ट्रॅक्टरवर बसणाऱ्या पोरांना कान झाकणारे इअरमफ घेऊन द्या. कापसाच्या बोळ्याने भागत नाही.