कारण ठरलं नाही

आमच्या पथकात नव्या माणसाला पहिली दोन वर्षं कुणी मत विचारत नाही. त्याच्या हातात फावडं देतात, नाहीतर वही. फावडं मिळालं तर दोरी लावून आखलेल्या चौकोनातला ढिगारा थराथरानं उपसायचा, घमेल्यात भरायचा, चाळून बघायचा. वही मिळाली तर दुसरा माणूस काढत असलेल्या प्रत्येक फोटोचा क्रमांक, जागा आणि दिशा लिहायची. आग कशी लागली असेल हे कितीही ओठांवर आलं तरी गिळायचं. मला हे फार जड गेलं. मी पेशानं कारखान्यातला क्वालिटी इंजिनिअर. बिघाड दिसला की कारण सांगायचं, याचाच पगार घेतो. त्यातून सांगलीकडचा. मत आहे आणि ते बोलायचं नाही, ही आमच्याकडे शिक्षाच.

पथक आहे न्यूयॉर्क राज्यातल्या एका काउंटीचं. शहराच्या नावावर जाऊ नका. आमच्याकडे माणसांपेक्षा गायी जास्त दिसतात. पंधरा-सोळा जण आहोत, पगार कुणालाच नाही. स्कूल बस दुरुस्त करण्यात हयात घालवलेले आमचे प्रमुख, एक वायरिंगची कामं घेणारा, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी एक बाई, गोठे असलेले दोन शेतकरी, असे सगळे. प्रत्येक जण आधी आपापल्या गावच्या फायर कंपनीत आग विझवणारा स्वयंसेवक. अमेरिकेत सगळं पैशावर चालतं अशी आपल्या लोकांची समजूत असते, पण इथले दोन-तृतीयांशाच्या आसपास अग्निशामक बिनपगारी आहेत. बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ साली फिलाडेल्फियात ‘युनियन फायर कंपनी’ काढली, तेव्हापासूनची ही रीत. गावोगावच्या कंपन्या रविवारी पॅनकेकचा नाश्ता नाहीतर कोळशावर भाजलेली कोंबडी विकून पाइपांचे पैसे उभे करतात. गणेश मंडळात वाढलेल्या माणसाला यात परकं काही वाटत नाही. वर्गणी, जुन्या-नव्यांची भांडणं, खुर्चीवरून रुसवे, सगळं तसंच.

कायद्यानं आगीचं कारण शोधायची जबाबदारी त्या गावच्या फायर चीफवर आहे. त्यानं स्वतः शोधावं किंवा शोधून घ्यावं, असं राज्याचं कलमच आहे. आता चीफ म्हणजे बहुधा दिवसा प्लंबिंग करणारा गृहस्थ. तो काउंटीच्या फायर कोऑर्डिनेटरला कळवतो आणि कोऑर्डिनेटर आमच्यातल्या त्या आठवड्याच्या पाळीवाल्यांना. एकट्यानं जायचं नाही. स्वतःच्या कंपनीनं विझवलेल्या आगीचा तपास करायचा नाही, आणि ओळखीच्या घरी तर नाहीच. माझ्या गल्लीतला एक गोठा जळला तेव्हा मी टेपच्या बाहेर उभा राहून लोकांना कॉफी देत होतो. आमच्याकडे बंदूक नाही, कुणाला धरायचा अधिकार नाही. आग मुद्दाम लावल्याचा संशय आला की शेरीफचे डिटेक्टिव्ह येतात. कुणी दगावलं असेल तर राज्याचे तपासनीस. मग आम्ही पुन्हा फावडंवाले.

एक नियम मला सुरुवातीला चमत्कारिक वाटे. आग विझली, धूर थांबला, तरी तपास संपेपर्यंत एक गाडी आणि दोन माणसं घरापुढे ठेवायची. बर्फ पडत असला तरी. याचं मूळ १९७८ सालच्या ‘मिशिगन विरुद्ध टायलर’ या खटल्यात आहे. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आग विझवायला आत शिरलात तर कारण शोधण्यापुरता वाजवी वेळ वॉरंटशिवाय थांबू शकता. पण तिथून निघून गेलात आणि मागाहून परत आलात तर घरमालकाची संमती हवी, नाहीतर वॉरंट. छप्पर नसलं, भिंती कोळसा झाल्या, तरी घर त्या माणसाचंच. म्हणून कुणीतरी रात्रभर हिटर लावून गाडीत बसतं आणि सकाळी बायकोच्या शिव्या खातं.

या विद्येचा इतिहास काही मिरवण्यासारखा नाही. कित्येक वर्षं ती गुरुमुखातून चालली. काचेवर जाळीसारखे बारीक तडे दिसले की पेट्रोल. लाकडाचा कोळसा सुसरीच्या पाठीसारखा चकाकला की पेट्रोल. जमिनीवर वेडेवाकडे खोल डाग असले की पेट्रोल ओतलं. हे कुणी तपासून पाहिलं नव्हतं, आधीच्यानं पुढच्याला सांगितलं होतं इतकंच. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणव्यात हजारो घरं जळाली. तिथली पन्नास घरं अभ्यासकांनी पाहिली, तर बारा घरांत तशा तड्यांच्या काचा निघाल्या. वणव्यात कोण पेट्रोल ओतणार? तापलेल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं की ती तशी तडकते, असं मग प्रयोगात दिसलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टेक्सासमधल्या कोर्सिकाना गावी एका घराला आग लागून तीन लहान मुली मेल्या. काचा आणि जमिनीवरचे डाग यांच्या साक्षीवर बाप दोषी ठरला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला देहदंड झाला. त्या साक्षीला शास्त्राचा आधार नव्हता, असं आगीचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे एकामागून एक सांगितलं. आमच्याकडे नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात हे प्रकरण त्याला वाचायला देतात. त्यावर चर्चा करत नाहीत. नुसतं वाचायला देतात.

१९९२ साली ‘एनएफपीए ९२१’ ही मार्गदर्शिका निघाली. आम्ही तिला नुसतं ‘नऊ-एकवीस’ म्हणतो. आधी आगीचा उगम शोधा, मग कारण. अंदाज बांधा आणि तो पाडायचा प्रयत्न करा. पडला नाही तरच लिहा, असं तिचं सांगणं. ऐकायला सोपं आहे. मॉन्टूर फॉल्स इथं राज्याची अग्निशास्त्र अकादमी आहे, तिथं हे शिकताना मला वाटलं होतं, कारखान्यात मी दुसरं काय करतो? नंतरच्या एका शिबिरात, सोफा-पडदे लावून मुद्दाम जाळलेल्या खोलीत आम्हाला नेलं आणि आग कुठल्या कोपऱ्यात सुरू झाली ते कागदावर लिहायला सांगितलं. मी दाराजवळचा कोपरा लिहिला, कारण तिथली भिंत सगळ्यात खोल जळली होती. आग समोरच्या कोपऱ्यात लावली होती. शिकवणाऱ्यानं हसून लास व्हेगासची गोष्ट सांगितली. २००५ साली तिथं असाच प्रयोग झाला होता. त्रेपन्न तपासनीसांपैकी खोलीचा बरोबर चतुर्थांश ओळखणारे तीन निघाले. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेराएक जण बरोबर आले असते!

असं का होतं, हे तेव्हा नीट डोक्यात शिरलं. छताखाली साचलेला धूर सहाशे अंशांच्या आसपास तापला की वरून येणाऱ्या उष्णतेनं खोलीतली प्रत्येक वस्तू जवळपास एकदमच पेटते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर आगीला सामानाची कमी नसते, हवेची असते. मग ती जिथून हवा येते तिथं, दाराशी, फुटलेल्या खिडकीशी, सर्वांत जोरात जळते. भिंतीवरचा सगळ्यात ठसठशीत डाग वाऱ्याचा असतो, सुरुवातीचा नसतो.

माझा धाकटा भाऊ सांगलीहून फोनवर विचारतो, “सारखं कारण काय शोधता? आमच्याकडे पेपरात दुसऱ्या दिवशी येतं, शॉर्ट सर्किट.” त्याला मी एकदा सांगितलं, की चालू वायरीचं प्लॅस्टिक आगीनं वितळलं तरी आतल्या तारा एकमेकींना लागतात, ठिणगी पडते आणि तांब्याचा बारीक मणी तयार होतो. मणी दिसला म्हणजे वायरीनं आग लावली असं नाही. आगीनंही वायर मारलेली असू शकते. मण्याकडे नुसतं बघून सांगता येत नाही. तो म्हणाला, “मग काय छापायचं?” प्रश्न रास्त आहे.

तिसऱ्या वर्षी मला मत विचारलं, त्याची गोष्ट. एका विधवा आजींचं लाकडी घर अर्धं जळालं होतं. बैठकीच्या खोलीत सोफ्यामागे एक्स्टेन्शनची वायर आणि तिच्यावर मणी. सगळ्यांच्या नजरा तिकडे. पण पुढच्या व्हरांड्याच्या फळ्या वरून खाली जळत आरपार गेल्या होत्या आणि त्या भोकाभोवती राखेचा ढीग होता. चुलाण्यातली राख आजींनी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून ठेवलेली. “तीन दिवसांची राख होती,” त्या म्हणाल्या. “हात घालून बघितली मी. थंडगार.”

माझी आजी तासगावजवळच्या खेड्यात रात्री चुलीतले निखारे राखेनं झाकून ठेवायची. राख उष्णता धरून ठेवते आणि हवा अगदी बेतानं आत सोडते. सकाळी फुंकणीनं दोन फुंकरा मारल्या की शेणी पेटायची. ज्यांच्या घरचा विस्तव विझलेला असे त्यांची पोरं तो मागायला आमच्या दारात. मी हे प्रमुखांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “छान. आता आजीला सोडून पुरावा आण.” शेजाऱ्याच्या मोबाइलमधलं चित्रण मिळालं, त्यात व्हरांडा पेटलेला आणि खिडकीच्या आत बैठकीतला, त्याच वायरीवरचा दिवा चालू. दिवा चालू, म्हणजे वायर तोवर शाबूत होती. आम्ही राख लिहिली, अहवाल टिकला. आठवडाभर मी हवेत होतो.

पुढच्याच हिवाळ्यात मी गाडीतून उतरायच्या आधी कारण ठरवून टाकलं. घराला चुलाण्याचं धुराडं, मागच्या डेकवर राखेची बादली, आणि आगीचा उगम त्याच कोपऱ्यात. अजून काय हवं? बादली पत्र्याची होती, पण झाकण सापडलं नव्हतं. झाकण होतं असं घरमालक म्हणत होता, मी ते जबाबात लिहून घेतलं आणि मनातून सोडून दिलं. तीन पानांचा अहवाल एका बसणीत झाला. असा झरझर अहवाल लिहून झाला की घाबरावं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आमचा कुठलाही अहवाल चीफकडे जाण्याआधी पथकातल्या अशा माणसाकडे जातो, जो त्या जागी गेलेला नाही. त्याला फक्त फोटो, नकाशा आणि जबाब मिळतात. सोबत गोष्ट मिळत नाही. माझा अहवाल गेला रसायनशास्त्राच्या बाईंकडे. त्यांनी समासात पेन्सिलीनं तीन प्रश्न लिहून तो परत पाठवला. सत्तेचाळीस नंबरच्या फोटोत बादलीशेजारी कुंडी आहे, तिच्यात सिगारेटची थोटकं दिसतात, घरात कोण ओढतं? कुंडीतल्या पीट घातलेल्या मातीत थोटूक तासन् तास धुमसू शकतं, हे तपासलं का? रेलिंगला नाताळच्या दिव्यांची वायर आहे, ती चालू होती का? तिन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती. वायर मी पाहिली होती. कुंडी फोटोत होती, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोरही होती.

महिन्याच्या बैठकीत प्रमुखांनी अहवाल टेबलावर ठेवला. सगळ्यांच्या देखत म्हणाले, “त्या रात्री तुझी आजी डेकवर होती का?” लोक हसले. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. मी म्हणालो, बाकीची दोन कारणं खोडून काढतो, मग राखच उरते. यावर ते हसले नाहीत. नऊ-एकवीसच्या २०११ च्या आवृत्तीनं याच पद्धतीवर फुली मारली आहे: बाकी सगळं नाही म्हणून हे असणार. उरलेल्या कारणाला स्वतःचा पुरावा लागतो.

आम्ही संमती घेऊन परत गेलो. हेही सांगायला हवं, की परत जाणं म्हणजे नुसतं गाडीत बसणं नव्हे. गॅस मीटर, श्वासाचा मास्क, प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे, रंगाच्या डब्यांसारखे कोरे पत्र्याचे डबे. जनरेटरमध्ये पेट्रोल भरणारा माणूस नमुन्याला शिवत नाही. पूर्वीचे तपासनीस जीन्सवर जात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अग्निशामकांचं काम कर्करोगकारक म्हणून नोंदवलं, तेव्हापासून बायको मला मयतीहून आल्यासारखं बाहेरच उभं करते. कपडे गॅरेजात, अंघोळ, मग घर.

दोन दिवस चाळलं. मुलगा सिगारेट ओढत होता, त्या रात्री ओढली का आठवत नव्हतं. दिवे टायमरवर होते, टायमर वितळून गोळा झालेला. राख होती. तिन्ही एका हाताच्या अंतरात, आणि तिघांतल्या एकालाही धरता येईना की सोडता येईना. आमच्या अहवालात शेवटी चार खाने असतात: अपघात, निसर्ग, मुद्दाम आणि अनिश्चित. मी चौथ्यावर खूण केली. बाईंनी पुन्हा वाचून सही केली, या वेळी समास कोरा.

घरमालकाला सांगायला प्रमुखांनी मलाच पाठवलं. तो डेकच्या उरलेल्या भागावर उभा होता.

“म्हणजे माझ्या मुलामुळे नाही?”

“तसंही म्हणता येत नाही.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तुम्ही इथं दोन दिवस खपलात. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

दोन वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी तळमळलो होतो. मी म्हणालो, “अहवालात आहे तेवढंच.”

त्यानं मान हलवली. बादली आता न्यायला हरकत नाही ना, विचारलं. मी नाही म्हणालो. त्यानं ती पिकअपच्या मागे ठेवली आणि झाकण शोधायला पुन्हा डेकवर आला. बराच वेळ बुटानं कोळसे बाजूला सारत होता. मीही वाकून शोधू लागलो. झाकण काही मिळालं नाही.